मंडळीच्या मदतनिधीतून धान्य द्यावं की कामाला भांडवल? (चर्चा)

कडेचं_शेत:
मंडळीचा (म्हणजे आपल्या चर्चचा) मदतनिधी बहुतेक धान्य, औषधं आणि फीमध्ये संपतो. माझं मत, त्यातला निम्मा तरी लोकांच्या हाताला काम मिळवून देण्यात जावा. बायबलमध्ये लेवीय 19:9 मध्ये शेतमालकाला पीक घरी आणून मग वाटायला सांगितलेलं नाही. कडेपर्यंत कापू नकोस, सरवा (कापणीत मागं पडलेली कणसं) वेचू नकोस, ती गरिबांना राहू दे, एवढंच. म्हणजे हक्काच्या नफ्यातला थोडा सोडायचा आणि दुसऱ्याला आत यायला जागा करायची. बायबलमधल्या रूथ या गरीब विधवेनं असंच दिवसभर वेचून, झोडून एक एफाभर सातू नेले, साधारण 22 लिटर. शेतमालक बवाजानं गड्यांना बजावलं होतं की पेंढ्यांतली थोडी कणसं मुद्दाम टाका आणि तिला घालूनपाडून बोलू नका. मला यातलं 'बोलू नका' जास्त महत्त्वाचं वाटतं.

पाटी_कोरी:
सरवा वेचायला कंबर वाकावी लागते. अंथरुणाला खिळलेल्यांचं काय? प्रेषितांची कृत्ये 6 मध्ये विधवांना रोज अन्न मिळत होतं, त्यात दुजाभाव झाला म्हणून सात जण नेमले. तिथं कुणी विधवांना धंदा काढून दिला नाही, वाटप नीट केलं. आता कुणीतरी 2 थेस्सलनीकाकरांस 3:10 ('काम करायची इच्छा नसेल त्यानं खाऊही नये') काढेलच, म्हणून आधीच सांगते: तिथं काम करायची *इच्छा* नसलेल्याबद्दल लिहिलंय, काम न मिळालेल्याबद्दल नाही.

हिशेबाची_वही:
एकाच डब्यातून दोन्ही करू नका, तिथंच घोळ होतो. आजारपण आलं की भांडवलाचे पैसे औषधाला जातात (आणि जायलाच हवेत), मग वर्षभरात डबा रिकामा. दोन वह्या, दोन खाती ठेवा.

नमुना जुना आहे. मेथडिस्ट चळवळीचा इंग्रज धर्मोपदेशक जॉन वेस्ली यानं 1746 मध्ये लंडनमध्ये 30 पौंड 16 शिलिंग गोळा करून उसनवारीचा निधी काढला. एका वेळी 20 शिलिंगच द्यायचे, दर आठवड्याला थोडे फेडून तीन महिन्यांत पुरे. दीड वर्षात 255 माणसांना त्यातून मदत झाली. 20 शिलिंग म्हणजे एक पौंड. शेवटी एकरकमी घेतले असते तर दर तिमाहीला 30 प्रमाणे सहा तिमाहींत पुऱ्या रकमेची 180 कर्जंच निघाली असती. आठवड्याच्या हप्त्यानं तेच पैसे लवकर परत फिरतात.

नियम मोजकेच हवेत. पाळकांच्या हाती वसुली नको, नाहीतर हप्ता चुकलेला माणूस उपासनेलाच येणं सोडतो. जामीनदार समितीबाहेरचा घ्या. पहिलं कर्ज लहान, ते फिटलं की दुप्पट. आणि उपासनेची हजेरी ही अट कधीच घालू नका.

सुई_14नंबर:
भांडवल म्हटलं की सगळे शिलाई मशीन वाटतात, म्हणून त्यावरच लिहिते. साधं मशीन सरळ टीप मारतं. गिऱ्हाइकाला आतली शिवण इंटरलॉक केलेली (कडेचे धागे सुटू नयेत म्हणून गुंफलेली) हवी असते. ते मशीन नसलं तर प्रत्येक कपडा दुसऱ्याच्या दारात न्यायचा, मजुरीतला वाटा तिथंच जातो. जाड कापडावर 11 नंबरची सुई मोडते, तिथं 14 किंवा 16 लागते. ती पाकिटं कुणी देत नाही. सगळ्यात मोठी चूक म्हणजे एका मोहल्ल्यात एकदम दहा मशिनं. गिऱ्हाईक तेवढंच, मग दर पडतात आणि सहा महिन्यांत मशीन विकायला निघतं. आधी काम शोधा (गणवेश, पडदे, उशांचे अभ्रे, जे खात्रीनं परत परत लागतं), मग मशीन. मशीन देताना फोटो काढायची हौस मात्र आवरा.

पाटी_कोरी:
हे पटलं. पण उसनवारीत देणारा वर आणि घेणारा खाली राहतोच. लूक 6:35 परतफेडीची आशा न धरता द्या म्हणतं, आणि तुम्ही जामीनदार मागताय!

हिशेबाची_वही:
जामीनदाराचा आक्षेप रास्त आहे. यावर राइफआयझेन या गावकारभाऱ्यानं जर्मनीत उत्तर शोधलं. 1846-47 च्या दुष्काळात त्यानं धान्य आणि भाकरीची सोय केली, पुढं सधन लोकांच्या दानावर चालणाऱ्या संस्था काढल्या. त्या टिकेनात, म्हणून 1864 मध्ये हेड्डेसडॉर्फला घेणारेच सभासद असलेली पतसंस्था काढली. सभासद एकमेकांच्या कर्जाला बांधील, त्यामुळे वर-खाली उरत नाही.

कडेचं_शेत:
"निम्मा" हा शब्द मागे घेतो. आजाऱ्यांचा डबा आधी भरावा, उरेल त्यातून दुसरा. पण मत्तय 20 मधले संध्याकाळपर्यंत बाजारात उभे राहिलेले मजूर विसरू नका. का उभे, तर त्यांना कुणी कामावर लावलंच नव्हतं. मालकानं त्यांना भीक दिली नाही, मळ्यात धाडलं, आणि एका तासाला पुऱ्या दिवसाची मजुरी दिली.

पाटी_कोरी:
दिली, आणि सकाळपासून राबलेले कुरकुरले. तुमच्या निधीतही एकाचं कर्ज माफ झालं की बाकीचे तेच करतील. बायबलच्या 'अनुवाद' या पुस्तकात अध्याय 15 मध्ये दर सातव्या वर्षी कर्जमाफी आहे, आणि ते वर्ष जवळ आलं म्हणून हात आखडू नका अशी ताकीदही. मग तुमच्या वहीत माफीचा रकाना पहिल्या पानापासून का नसावा?

हिशेबाची_वही:
असावा. निधीचा दहावा भाग पहिल्याच दिवशी बुडीत धरून वेगळा काढा. माफी कुणाला ते जामीनदार आणि समितीतले दोघं ठरवतील, नाव वहीच्या बाहेर जाणार नाही.

सुई_14नंबर:
आणि मशीन परत आणायचं नाही. तेवढं लिहूनच ठेवा.