सोर्ड आर्ट ऑनलाइन खरंच एवढा भारी आहे?

निशाचर : कालच्या पोस्टमध्ये 'व्हर्च्युअल जगावरचा यापेक्षा भारी अ‍ॅनिमे नाही' असं वाचलं आणि राहवेना. कल्पना जबरदस्त, मान्य. १०,००० लोक गेममध्ये अडकलेत, लॉगआउटचं बटणच गायब, आत मेलात की डोक्यावरचं नर्व्हगिअर हेल्मेट मेंदू जाळणार, सुटायचं तर १०० मजले सर करा. मग ते मजले दाखवा ना! १४व्या भागात ७५व्या मजल्यावरच सगळं संपतं, दोन वर्षं भुर्रकन उडवली. आणि पुढे नायिका असुना, जी आघाडीवर लढायची, तिला पिंजऱ्यात डांबून नायक किरितोची वाट बघायला लावली. २०१२चा राग आहे, अजून गेला नाही.

मधुरा_के : मजले मोजायला बसलात तर असंच वाटणार. तिसरा भाग नीट पाहिलात का? किरितो छोट्या गिल्डमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या गटात, लेव्हल लपवून राहतो, त्यातली साची त्याच्या डोळ्यांदेखत मरते, आणि ख्रिसमसला तिचा रेकॉर्ड केलेला आवाज येतो, शेवटी ती गाणं गुणगुणते. मला त्या रात्री झोप लागली नव्हती.

निशाचर : पाहिलाय, म्हणूनच चिडतोय! असं लिहिता येतं तर मग दर दोन भागांनी नवी पोरगी किरितोच्या प्रेमात कशाला?

जुना_गेमर : गेम म्हणून बोला की कोणीतरी. ड्युअल ब्लेड्स, म्हणजे दोन तलवारींचं कौशल्य, अख्ख्या सर्व्हरवर एकट्या किरितोलाच? मी सहा वर्षं गिल्ड चालवली, रात्री अकराला चाळीस जणांना गोळा करायचं, एक हीलर (बाकीच्यांना बरं करणारा) झोपला की रेड, म्हणजे सगळ्यांनी मिळून करायची मोठी लढाई, बोंबलली. ती धडपड यात कुठेय?

मधुरा_के : तुमची रेड राहू द्या. दुसऱ्या सीझनमधली युकी आठवा. एड्स झालेली पोर, निर्जंतुक खोलीत मेडिक्युबॉइड नावाच्या वैद्यकीय व्हर्च्युअल यंत्राला जोडलेली, आणि असुना खांद्यावर कॅमेरा लावून तिला शाळेत नेते. माझी धाकटी बहीण बोनमॅरो ट्रान्सप्लांटनंतर महिनाभर काचेआड होती. आम्ही बाहेर बाकड्यावर बसून मोबाइलवर तिच्याशी लुडो खेळायचो, ती जिंकली की आतून काचेवर टकटक करायची. 'व्हर्च्युअल म्हणजे खोटं' म्हणणाऱ्यांनी ते बघायला हवं होतं.

जुना_गेमर : खोटं कोण म्हणालं? हॉस्पिटल काढलं की बाकीच्यांनी गप्प बसायचं का?

मधुरा_के : गप्प बसा म्हटलंच नाही. तुम्ही विचारलंत धडपड कुठेय, ती तिथे आहे.

निशाचर : मधुराताई, बहीण आता बरी आहे ना? युकीचे भाग उत्तम आहेत, ते मी नाकारणार नाही. पण बघा, तिथे असुना पुढे आहे आणि किरितो जवळजवळ नाहीच. माझं म्हणणं तेच होतं.

मधुरा_के : बरी आहे, बारावीला आहे. आणि पिंजऱ्याबद्दल तुमचं बरोबर आहे, तेवढंच.