'महत्त्वाकांक्षा' की 'हाव'? मॅकबेथसाठी शब्द हवा

मांडकर: जत्रेच्या नाटकासाठी शेक्सपिअरचं 'मॅकबेथ' मराठीत आणतोय. अंक १, प्रवेश ७ मध्ये अडलंय. मॅकबेथ म्हणतो, राजा डंकनला मारायला टाच मारणारं दुसरं कारण नाही, आहे ती नुसती ॲम्बिशन, खोगिरावर उडी घेऊन पलीकडे पडणारी. 'महत्वाकांक्षा' घातलं तर दहावीचा निबंध वाटतो. 'हाव' चालेल?

शब्दशोधक: आधी 'महत्त्वाकांक्षा', त दोनदा. आणि गोव्यात 'हाव' नको. कोंकणीत 'हांव' म्हणजे मी. नट जरा नाकात बोलला की शेवटच्या रांगेला तेच ऐकू येणार.

फोंड्याची माई: मग उत्तमच की! हाव आणि हांव मुळात एकच असणार.

शब्दशोधक: माई, 'हांव' आला 'अहम्'च्या घराण्यातून. सारखं वाजलं म्हणून सोयरीक जुळत नाही.

पेडणेकार: अडचण वेगळीच आहे. पाचव्या प्रवेशात मॅकबेथची बायको म्हणते, तुला ॲम्बिशन आहे, पण तिच्यासोबत लागणारा दुष्टपणा नाही. तिथे 'हाव' टाकलंत तर वाक्यच मोडतं, कारण हावेत दुष्टपणा आधीच आला. दोन्हीकडे एकच शब्द हवा. 'आकांक्षा' घ्या, आणि सातव्यात क्रियापदाला काम करू द्या: 'माझी आकांक्षा झेपावते, नि पलीकडे कोसळते.'

मांडकर: बरं वाटतंय. पुढे गिल्टला 'अपराधगंड' लिहिलंय.

शब्दशोधक: छे! गंड म्हणजे मनाची गाठ, न्यूनगंडासारखी. याने खरोखर खून केलाय.

फोंड्याची माई: 'पश्चात्ताप' सरळ.

पेडणेकार: नाही हो. 'हॅम्लेट'मधला क्लॉडियस बघा. भावाला मारून मिळवलेला मुकुट आणि राणी दोन्ही हातात ठेवून प्रार्थनेला बसतो, म्हणून क्षमा मागणं जमत नाही त्याला. मॅकबेथही काही परत करत नाही, उलट आपल्या सोबत्यावर, बँकोवर, मारेकरी घालतो. 'टोचणी' किंवा 'सल' म्हणा. 'सल' शल्यातून आलाय, आत रुतून राहतो.

शब्दशोधक: 'सल' संगीत नाटकात शोभेल. 'टोचणी' फारच घरगुती.

फोंड्याची माई: खुनानंतर मॅकबेथच्या घशात अडकणाऱ्या 'आमेन'चं काय केलंत? 'तथास्तु' नको हां. आमेन गोव्यात सगळ्यांना कळतं.

मांडकर: आमेनच ठेवलंय. वेळ वाचवायला द्वारपालाचा प्रवेश मात्र कापलाय.

पेडणेकार: कापू नका बाब! खुनानंतर दोघांना हात धुऊन रात्रीचा झगा चढवायला तेवढाच वेळ मिळतो. साखरेच्या पाकात रंग घालून रक्त करणार असाल तर ते चिकटतं, नुसतं पुसून जात नाही. विंगेत बादली आणि ओले पंचे ठेवा. नाहीतर सरदार मॅकडफ प्रेत बघायच्या आधी मॅकबेथचे लाल हात बघेल.

शब्दशोधक: 'कट्यार' लिहिलंत की 'खंजीर'? कट्यारीची मूठ आडवी असते, स्कॉटलंडात ती कुठून येणार?

फोंड्याची माई: जत्रेत मूठ कोण बघतो! पण दोन आणा. डंकनचे पहारेकरी दोन आहेत, आणि दोघांचीही शस्त्रं माखायची असतात.