पगार मोठा म्हणून वादळ सोसायचे का? उत्तर समुद्रातील रिग आणि आपली मुले

गोदाकाठकर

आपल्या नाशिककर मंडळींपैकी एकाच्या मुलाने स्कॉटलंडमधील ॲबर्डीनजवळच्या समुद्रातील रिगवरून, म्हणजे तेलविहीर खोदणाऱ्या फलाटावरून, वादळाची चित्रफीत पाठवली आणि हेलिकॉप्टर येत नसल्यामुळे घरी परतणे लांबल्याचे त्याने सांगितले. त्यावर ‘त्रिंबकनाका’ यांनी लिहिले की, निम्मे वर्ष सुटी आणि लाखांत पगार घेणाऱ्यांनी थंडीवाऱ्याचे रडगाणे गाऊ नये, कारण धोका पगारात धरलेलाच असतो. हे वाचल्यापासून माझे डोके ठिकाणावर नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

कोणता धोका पगारात धरलेला असतो, हे कृपया सांगावे. वारा मर्यादेबाहेर गेला की क्रेन थांबते. तरंगती रिग लाटांवर फार वरखाली होऊ लागली की ड्रिलिंग थांबते, आणि वेळ आलीच तर राइझर, म्हणजे रिगला समुद्रतळावरच्या विहिरीशी जोडणारी नळी, विहिरीपासून सोडवून हवामान निवळण्याची वाट पाहत बसावे लागते. इथपर्यंतचा धोका धंद्याचा आहे, हे मला मान्य आहे. पण 15 फेब्रुवारी 1982 रोजी कॅनडातील न्यूफाउंडलंडच्या पूर्वेस ‘ओशन रेंजर’ ही रिग बुडाली, ती केवळ लाटांमुळे नव्हे. बॅलास्ट (रिगचा तोल सांभाळणारे टाक्यांतले पाणी) नियंत्रण कक्षाच्या गोल खिडकीची काच फुटली, समुद्राचे पाणी नियंत्रण फलकावर पडले, झडपा बिघडल्या, आणि फलक निकामी झाल्यावर झडपा हाताने कशा चालवायच्या याचे पुरेसे प्रशिक्षण त्या माणसांना मिळालेले नव्हते. रिगवर असलेल्या 84 जणांपैकी एकही वाचला नाही. थंडीपासून जीव वाचवणारे पोशाख त्यांना दिलेलेच नव्हते, आणि तेच वादळ जवळच्या दोन रिगनी मात्र तगून काढले. न दिलेला पोशाख कोणाच्या पगारात धरला होता?

त्रिंबकनाका

गोदाकाठकर, आपण चाळीस वर्षांपूर्वीचे मढे उकरून आजच्या मुलाचे वकीलपत्र घेतले आहे. ज्या हेलिकॉप्टरच्या नावाने तो रडतो, ते न येणे हीच त्याची सुरक्षा आहे. लाटांच्या उंचीवरून ठरणारी समुद्राची अवस्था सहाव्या श्रेणीपलीकडे गेली तर पाण्यात पडलेल्या माणसाला उचलता येणार नाही, म्हणून 2014 पासून ब्रिटिश नियमांनी अशा वेळी उड्डाणास मनाई केली आहे. म्हणजे कंपनीने उड्डाण करवले असते तरी आपण ओरडला असता, आणि थांबवले तरी ओरडता आहात.

मी सातपूरच्या प्रेस शॉपमध्ये उमेदीची वर्षे काढली आहेत. शेजारच्या मशीनवरच्या मुलाची बोटे गेली तेव्हा हात आत जाताच मशीन थांबवणारा सेन्सर बंद करून ठेवला होता, कारण सेन्सरमुळे उत्पादन कमी निघत असे. त्याची चित्रफीत कोणी काढली नाही. त्याला आठवड्याची सुटीसुद्धा पुरती मिळत नव्हती. त्यामुळे तीन आठवडे काम आणि तीन आठवडे घर अशा पाळीत राहणाऱ्याबद्दल माझ्या डोळ्यांत पाणी येत नाही.

निफाडचा बागाईतदार

थंडीचाच हिशेब मांडायचा असेल तर आमच्याकडेही या. कुंदेवाडीच्या केंद्रात पारा चार-पाच अंशांवर आला की आम्ही पहाटे द्राक्षबागेत शेकोट्या पेटवत फिरतो, कारण मण्यांना तडे गेले तर वर्षाची कमाई गेली. त्या रात्रीचा पगार नाही, पाळी नाही, आणि विम्याच्या दारात उभे राहिले की निकष बदललेले असतात. कांद्याच्या निर्यातीचे तर बोलूच नये.

गोदाकाठकर

बोलू नये म्हणालात, तर बोलू नका. कांद्यासाठी वेगळा धागा काढावा, मी स्वतः तेथे आपल्या बाजूने लिहीन.

त्रिंबकनाका, नवे उदाहरण हवे होते ना? 30 डिसेंबर 2015 रोजी उत्तर समुद्रातील ‘सीओएसएल इनोव्हेटर’ या रिगवर लाट आदळली, राहण्याच्या भागातील खिडक्या फुटल्या आणि एका कामगाराचा जीव गेला. 1982 मध्ये खिडकी आणि 2015 मध्येही खिडकीच. सातपूरचा बंद केलेला सेन्सर तर आपणच पुराव्यादाखल आणून दिला आहे. तुमच्या सहकाऱ्याला न्याय मिळाला नाही, म्हणून दुसऱ्यालाही मिळू नये, असा तुमचा युक्तिवाद दिसतो.

त्रिंबकनाका

माझ्या तोंडी शब्द घालू नका. तो मुलगा माझ्या डोळ्यांसमोर कोसळला होता. तुम्ही गंगापूर रोडवरच्या गच्चीत बसून जागतिक अपघातांचे दिनांक पाठ करता.

डेकवरचा जुना माणूस

दोघेही जरा थांबा. मी मुंबई हायच्या तेलक्षेत्रात कंत्राटदाराकडून डेकवर काम केले आहे. आपल्याकडे बर्फाळ वादळ नसते, पावसाळा असतो. बोटीवरून रिगवर चढताना बास्केट वापरायची, हे किती जणांनी पाहिले आहे? खाली गोल पाट, वर जाळ्याचा शंकू. सामान आत ठेवायचे आणि आपण बाहेरून जाळे धरून पाटाच्या काठावर उभे राहायचे. क्रेनवाल्याने बोट लाटेच्या माथ्यावर असताना उचलले तर ठीक. खोलात असताना उचलले तर पुढच्या लाटेबरोबर वर येणारे बोटीचे डेक पायाखाली येऊन आपटते. क्रेनवाला चांगला असेल तर आपण त्याचे नावही विचारत नाही, वाईट असेल तर ते जन्मभर विसरत नाही.

उत्तर समुद्रातल्या मुलाला उड्डाण थांबवणारा नियम तरी आहे. 17 मे 2021 रोजी तौक्ते चक्रीवादळात मुंबईजवळच्या समुद्रातील हिरा तेलक्षेत्राजवळ ‘पी-305’ हा कामगारांच्या निवासाचा बार्ज (सपाट तळाचा तराफा) बुडाला, तेव्हा हवामान खात्याचे इशारे काही दिवस आधीपासून येत होते. बार्जवर 261 माणसे होती, त्यांतली 70 हून अधिक गेली, आणि उरलेल्यांना नौदलाने रात्रभर खवळलेल्या पाण्यातून वेचून काढले. नांगर तुटले, बार्ज रिकाम्या प्लॅटफॉर्मवर जाऊन आदळला. मेले ते बहुतेक कंत्राटी: वेल्डर, फिटर, स्वयंपाकी. उत्तर समुद्र आणि न्यूफाउंडलंड यांची चर्चा करताना हे मुंबईजवळचे मरण तुम्हा दोघांनाही आठवले नाही, याचे मला नवल वाटते.

इंदिरानगर सेफ्टी

काका, आपल्या अनुभवाचा आदर आहे, पण बार्ज आणि रिग यांची सरमिसळ करू नये. निवासी बार्जला स्वतःचे इंजिन नसते. तो वेळेत टगने (ओढणाऱ्या बोटीने) ओढून सुरक्षित जागी न्यावा लागतो. प्रश्न अवजाराचा नाही, निर्णयाचा आहे. आपल्याकडे 2008 चे समुद्रातील सुरक्षेचे नियम आहेत. कागदावर काही कमी नाही.

डेकवरचा जुना माणूस

कागदावर कमी नाही, हे वाक्य मी प्रत्येक मस्टरच्या (आपत्कालीन हजेरीच्या) वेळी ऐकत आलो आहे. वाऱ्याचा आकडा वाचून “जागा सोडा” असे म्हणणाऱ्याची नोकरी दुसऱ्या दिवशी टिकते का, तेवढे सांगा.

कॉलेज रोडची वाचक

मी बराच वेळ वाचत होते. माझा धाकटा भाऊ एका दलालामार्फत असाच समुद्रावर गेला. दलालाने आधी प्रशिक्षणाचे पैसे घेतले. त्यात बुडालेल्या हेलिकॉप्टरमधून बाहेर पडण्याचा सराव होता. तो शांत, कोमट तलावात एकदाच करून घेतला आणि प्रमाणपत्र हातात दिले. पुढे पहिल्याच पगारातून बूट आणि कव्हरऑल यांचे पैसे कापले गेले. पावसाळ्यात बोट हेलकावे खात असताना त्याने बास्केटमध्ये चढण्यास नकार दिला, तेव्हा “तुझ्या जागी नाशिकरोडला रांग लागली आहे” असे त्याला ऐकवले गेले. तो चढला. घरी आल्यावर त्याने आईला हे सांगितले नाही, मला सांगितले.

त्रिंबकनाकाजी, धोका पगारात धरलेला असतो, हे तुम्ही माझ्या भावाला समोर बसवून सांगाल का? त्याची पगाराची चिठ्ठी मी आणते. त्यातला धोक्याचा रकाना तुम्ही मला दाखवा.

त्रिंबकनाका

ताई, तुमच्या भावाबद्दल मी लिहिले नव्हते. त्याच्याबाबत माझे वाक्य लागू होत नाही, घ्या, एवढे लेखी देतो. पण ॲबर्डीनच्या मुलाबाबत मी एक अक्षरही मागे घेणार नाही. आणि गोदाकाठकरांनी हर्षवायू होऊ देऊ नये. ही त्यांची जीत नाही, ही डेकवरच्या काकांची आहे.

गोदाकाठकर

आपली उदारता शिरोधार्य आहे. काकांच्या प्रश्नाचे उत्तर मात्र कोणीच दिले नाही. नॉर्वेत कामगारांच्या सुरक्षा प्रतिनिधीला जिवाला तातडीचा धोका दिसला तर काम थांबवण्याचा अधिकार कायद्यानेच दिला आहे. 27 मार्च 1980 रोजी नॉर्वेच्या एकोफिस्क तेलक्षेत्रात ‘अलेक्झांडर कीलँड’ ही राहण्याची रिग उलटली आणि 212 पैकी 123 माणसे गेली. एका आधारनळीवर उपकरण बसवण्यासाठी केलेल्या लहानशा वेल्डिंगपासून तडा वाढत गेला होता. वादळ त्या दिवशी होतेच, पण उत्तर समुद्राच्या मानाने ते असामान्य नव्हते. म्हणूनच म्हणतो, थांबा म्हणण्याचा हक्क पगाराच्या आकड्याने भरून निघत नाही. ॲबर्डीनमध्येही नाही आणि हिरा क्षेत्रातही नाही.

इंदिरानगर सेफ्टी

हक्क कायद्यात लिहून भागत नाही, तो कंत्राटी माणसापर्यंत पोचला पाहिजे, इतपत मी आपल्याशी सहमत आहे. कागद पुरेसे आहेत, हे माझे मत मात्र कायम आहे.

कॉलेज रोडची वाचक

मतांचे राहू द्या. काका, भावाला पुन्हा बोलावणे आले आहे. सही करण्यापूर्वी त्याने काय पाहावे?

डेकवरचा जुना माणूस

ताई, नेमणूकपत्रावर दलालाचे नाव आहे की कंत्राटदाराचे, हे आधी पाहा. दलालाचे असेल तर सही करू नये. विम्याची प्रत वारसाच्या नावासह त्याच्याजवळ नव्हे, तुमच्याजवळ ठेवा. कोणत्या बार्जवर किंवा रिगवर जाणार ते लेखी घ्या आणि निघायची तारीख मेच्या दुसऱ्या पंधरवड्यातली असेल तर हवामान पाहून कोण निर्णय घेणार, ते विचारा. विचारल्यामुळे नाव कापले गेले, तर मला कळवा. बरी जागा ठाऊक असलेली दोन माणसे अजून माझा फोन उचलतात.