भाड्याच्या जमिनीवर हाय टनेल: अमेरिकेतल्या इक्विप अनुदानाबद्दल मदत हवी आहे

इथे ओहायोत कुणी शेती करतं का? एका ग्रामीण काउंटीत आम्ही ६ एकर भाड्याने घेऊन भेंडी, वांगी, मेथी लावतो. यंदा तिसरं वर्ष. एनआरसीएसच्या (अमेरिकी कृषी खात्याची मृदा-जलसंधारण संस्था) इक्विप या अनुदान योजनेतून हाय टनेल (आपलं साधं पॉलिहाऊसच म्हणा) उभारायचंय.

एफएसएकडून (कृषी खात्याचंच शेती कार्यालय) फार्म नंबर मिळालाय, एडी-१०२६ (धूप होणाऱ्या आणि पाणथळ जमिनीचे नियम पाळण्याचं हमीपत्र) भरलाय, योजनेच्या अर्जावर, म्हणजे सीपीए-१२०० वर, सही झालीय. शेतीला दहा वर्षं झाली नाहीत म्हणून ‘बिगिनिंग फार्मर’मध्ये (नवशिके शेतकरी) बसतो, त्यामुळे अनुदानाची निम्मी रक्कम आगाऊ मागता येते. योजनेचा करार होण्याआधी काम सुरू करायचं नाही हेही माहीत आहे. खुंट्या मारून दोरी लावलीय, तेवढंच.

अडलंय ते भाडेकरारावर. आमचा करार दरवर्षी नवा होतो, आणि योजनेचा करार संपेपर्यंत जमीन आमच्या ताब्यात राहील हे दाखवावं लागतं. मालक आजोबा मनाने चांगले, टोमॅटो नेऊन दिले की खूश. पण अनेक वर्षांचं लिहून द्यायला कचरतात. जमीन विकत घेणं सध्या जमणार नाही.

मालकाच्या नुसत्या संमतीपत्रावर कुणाचं काम झालंय का? त्यात नेमकं काय लिहून घेतलंत? आणि मध्येच जमीन सोडावी लागली, तर पैसे परत करावे लागले का?