व्हिस्टा नापसंत ठरली आणि विंडोज ७ आवडली, असे का? (मदत हवी आहे)

नमस्कार. विंडोज व्हिस्टाबद्दल चांगले बोलणारे क्वचितच आढळतात आणि तिच्यामागून आलेल्या विंडोज ७ बद्दल वाईट बोलणारेही तितकेच दुर्मीळ. या दोन प्रणालींत मुळात किती फरक होता, हे जाणकारांकडून समजून घ्यायचे आहे. माझ्या वाचनानुसार तो फारसा नसावा, कारण व्हिस्टाचा अंतर्गत आवृत्तीक्रमांक ६.० होता आणि विंडोज ७ चा, नावात सात असूनही, ६.१.

व्हिस्टा ३० जानेवारी २००७ रोजी सर्वसामान्य ग्राहकांसाठी आली, तोवर तिच्या आधीची विंडोज एक्सपी वापरात येऊन पाच वर्षांहून अधिक काळ लोटला होता. व्हिस्टाने ग्राफिक्सच्या ड्रायव्हरची (उपकरण आणि प्रणाली यांना जोडणाऱ्या सॉफ्टवेअरची) रचनाच बदलली, ध्वनीचीही बदलली, आणि ६४ बिट आवृत्तीत कर्नलमध्ये, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यात, चालणाऱ्या ड्रायव्हरवर डिजिटल स्वाक्षरी सक्तीची केली. त्यामुळे ज्यांच्या उत्पादकांनी नवे ड्रायव्हर वेळेत दिले नाहीत, ती एक्सपीवर उत्तम चालणारी प्रिंटर, स्कॅनरसारखी उपकरणे अडून बसली आणि दोष मात्र सरसकट व्हिस्टाच्या माथी आला. त्यातच ५१२ एमबी रॅमच्या संगणकांवरही ‘व्हिस्टा कॅपेबल’ (व्हिस्टा चालवू शकणारा) असा शिक्का लावून ते विकले गेले. एरो हा व्हिस्टाचा पारदर्शक देखावा यायला मात्र १ जीबी रॅम आणि त्याजोगे ग्राफिक्स लागत असे. या शिक्क्यावरून २००७ मध्ये अमेरिकेत दावाही दाखल झाला. ऑक्टोबर २००९ मध्ये विंडोज ७ आली तोवर ड्रायव्हर तयार होते आणि रॅमही वाढली होती, म्हणजे व्हिस्टाने खाल्लेल्या शिव्यांचे फळ तिच्या धाकट्या बहिणीला मिळाले, असे मला वाटते.

तरीही व्हिस्टा अगदीच निर्दोष होती, असे म्हणवत नाही. फाइली कॉपी करताना ती रेंगाळत असे आणि २००८ च्या सर्व्हिस पॅक १ (दुरुस्त्यांचा एकत्रित संच) मध्ये त्यावर काम करावे लागले. परवानगी विचारणाऱ्या खिडक्यांचा भडिमार हाही तिचाच. विंडोज ७ ने तो कमी केला आणि त्याची पातळी ठरवण्याची सोय दिली.

विंडोज ८ चे नाव व्हिस्टाच्या जोडीने घेतले जाते, ते मला पटत नाही. तिथे तक्रार वेगाची नव्हती. स्टार्ट बटण काढून टाकले आणि स्पर्शासाठी आखलेला पडदा माउस वापरणाऱ्यांपुढे ठेवला, हे लोकांना खुपले. ८.१ मध्ये बटण परत आले, गेलेली मर्जी काही परतली नाही.

तेव्हा विचारायचे ते असे: सर्व्हिस पॅक बसवलेली व्हिस्टा आणि विंडोज ७ या दोन्ही एकाच संगणकावर, रॅम किंवा अन्य काही न बदलता, कोणी वापरल्या आहेत काय? असल्यास वेगात, स्थैर्यात आणि मेमरीच्या वापरात जाणवण्याइतका फरक होता काय, आणि तो प्रणालीतील कोणत्या बदलामुळे पडला असावा?