मदत हवी आहे: सारंगखेड्याची रेवाल घोडी दुडकी देत नाही, ड्रेसाज कसं करू?

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा आडवळणाचा आहे आणि इथे घोड्यांवरचे धागे फारसे दिसत नाहीत, पण विचारायला दुसरी जागा नाही. आमच्या अमळनेर तालुक्यात घोड्याबद्दल विचारलं की पहिला प्रश्न येतो, "वरातीले देतस का?"

मी कॉलेजात एनसीसीच्या घोडेस्वारी युनिटमध्ये होते. लग्नानंतर पंधरा वर्षं खोगिराला हात लावला नाही. मग २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकला फवाद मिर्झा इव्हेंटिंगच्या अंतिम उड्यांपर्यंत पोचला, तेविसावा आला, आणि मी दुकानातल्या काउंटरवर मोबाईल टेकवून ते बघत बसले. तेव्हापासून डोक्यात किडा आहे. वर्षातून दोन-तीनदा पुण्याला जाऊन शिकते, तिथे रेसमधून निवृत्त झालेल्या एका थरोब्रेडवर ऐंशी सेंटिमीटरच्या उड्या मारून झाल्यात.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: इव्हेंटिंग म्हणजे एकाच घोड्यावर तीन परीक्षा. आधी ड्रेसाज, म्हणजे आखलेल्या मैदानात कवायत. मग क्रॉस-कंट्री, म्हणजे रानातले न पडणारे भक्कम अडथळे. आणि शेवटी शो-जंपिंग, जिथे दांडी पडली की चार गुण दंड. क्रॉस-कंट्रीत घोडा एकदा अडला की वीस दंड. त्याची मला भीती नाही, आमची घोडी धीट आहे. मी अडकलेय पहिल्याच पायरीवर.

घोडी आप्पांनी (सासरे) दत्तजयंतीच्या यात्रेत सारंगखेड्याला घेतली. मारवाडी, कुमेद रंगाची, पाच वर्षांची, उंची बरोबर पंधरा हात (घोडा मोजायचा हात चार इंचांचा) म्हणजे १५२ सेंटिमीटर. अंगावरचे केसांचे भोवरे बघून, दात बघून, तापीच्या पुलाखाली दोन दिवस हुज्जत घालून. किंमत लिहीत नाही, कारण नवरा हा धागा वाचणार आहे. आप्पांनी पैसे मोजले ते तिच्या चालीचे. विकणाऱ्याने भरलेला पाण्याचा पेला हातात धरून तिला रेवाल चालवली आणि थेंब सांडला नाही.

तीच रेवाल माझ्या मुळावर आलीय. दुडकीत घोड्याचे तिरपे पाय जोडीने पडतात, पुढचा डावा आणि मागचा उजवा. दोनच ठोके. रेवालीत एका बाजूचे पाय एकापाठोपाठ पडतात आणि चार ठोके ऐकू येतात. मी रिकिबीत उठबैस करायला जाते तर खालून धक्काच येत नाही! पाळण्यात बसून उठाबशा काढाव्यात तसं होतं. ड्रेसाजमध्ये प्रत्येक हालचालीला दहापैकी गुण, आणि निम्मी परीक्षा दुडकीवर. न शुद्ध चालणं, न शुद्ध दुडकी, असल्या खिचडीला परीक्षक काय देणार?

आतापर्यंत काय केलं ते सांगते. कपाशी उपटून झाल्यावर एका तुकड्यात मुरूम टाकून वीस बाय चाळीस मीटरचं मैदान आखलं. वाळू टाकायला हवी होती, पण हल्ली वाळूची ट्रॉली दारात आली की तलाठ्याआधी शेजारी येतात. मैदानाच्या कडेला खुणेची अक्षरं लागतात, ती खताच्या पांढऱ्या गोण्यांवर रंगवली. ही घोडी डीजेच्या भिंतीसमोर ढिम्म उभी राहते, पण 'ई'ची गोणी वाऱ्याने फडफडली की तीन हात बाजूला उडते. परवा मी तिच्यासोबत न उडता जागेवरच राहिले, म्हणजे मातीत. शेजारच्या बाबांनी बांधावरून विचारलं, "घोडीले नाचनं सोडीसन कवायत शिकाडी ऱ्हायनी का माय?"

दुडकीची लय यावी म्हणून जमिनीवर पोल टाकून बघितले. ठिबकच्या मेन लाइनचे जुने पीव्हीसी पाईप होते, तेच सहा मांडले. ती पहिल्यावर अडखळली, मग सगळे एका उडीत पार करायला निघाली.

खरी गोची घरातली आहे. आप्पा म्हणतात, "दुडकी शिकवशील तर चाल मोडेल, मग ही घोडी नुसती घोडी राहील." मला वर्षभरात एखाद्या लहानशा स्पर्धेत उतरायचंय, पण त्यांचा शौक मोडून नाही. एकाच घोडीत दोन्ही राहू शकतं का? कुणी केलंय?

प्रतिसाद: तापीकाठ

ताई, आधी ते पाईप उचला. गोल आणि हलके, पायाखाली घरंगळतात, आणि उन्हात वाळलेलं पीव्हीसी फुटलं की सुरीसारखी धार येते. जाड वासे घ्या, दोन्ही टोकांना माती लावून पक्के करा. सुरुवात एका वाशाने. मग एकदम तीन. दोन ठेवू नका, दोन दिसले की घोडा उडीच मारतो, आणि तुम्ही सहा मांडलेत! अंतर सव्वा मीटरच्या आसपास, पंधरा हातांच्या घोडीला १.२० पासून बघा.

आणि लगाम कोणता आहे? यात्रेतून आलेल्या घोड्याच्या तोंडात बहुतेक काटेरी लगाम असतो.

धागाकर्ती

हो, काटेरीच. आप्पा म्हणाले त्याशिवाय मान वर राहत नाही.

प्रतिसाद: तापीकाठ

मग निम्मं उत्तर तिथेच आहे. मान वर, पाठ खाली दबलेली, की असा चालीचा घोडा सहज रेवालीत जातो. साधा जोडाचा स्नॅफल (बिनकाट्याचा सौम्य लगाम) घाला, मान खाली लांब करू द्या, पाठ मोकळी झाली की तिरपे पाय जुळतात. ड्रेसाजच्या खालच्या पातळीला तसाही स्नॅफलच लागतो.

प्रतिसाद: गुरांचा डॉक्टर

मी एक वेगळी गोष्ट सुचवतो. खोगीर, लगाम काही न घालता तिला कुंपणात मोकळी सोडा आणि मोबाईलच्या स्लो मोशनवर शूट करा. चाल काही घोड्यांच्या रक्तात असते. २०१२ मध्ये आइसलँडच्या घोड्यांत डीएमआरटी३ नावाच्या जनुकातला बदल सापडला, त्याचा अशा चालीशी थेट संबंध आहे. काहींना मात्र ती शिकवलेली असते. मोकळी असताना दुडकी देत असेल तर ती तिच्यात आहे, स्वार बसला की विसरते एवढंच.

सोबत पाठ आणि मागचे गुडघे दाबून तपासून घ्या. दुखत असेल तरी घोडा ठोके चुकवतो. नालबंद सहा-आठ आठवड्यांनी येतो ना? आणि काळी जमीन आता फाटायला लागली असेल. मैदानाबाहेर पळवण्याआधी पायी फिरून भेगा बघा, आणि कपाशीची धसकटंही.

दोन चाली एका घोड्यात राहतात, फक्त इशारे वेगळे लागतात. आप्पांसाठी बैठक मागे आणि लगाम वर, तुमच्यासाठी बैठक हलकी आणि लगाम खाली. सुरुवातीला एकाच दिवशी दोन्ही मागू नका.

धागाकर्ती (अकरा दिवसांनी)

डॉक्टरसाहेब, तुमचं ऐकलं. रविवारी पहाटे साडेपाचला, ऊन चढायच्या आत, तिला मोकळी सोडली. अर्धा तास काही नाही, नुसती वैरणीकडे बघत उभी. मग शेजाऱ्यांची म्हैस पारडू घेऊन बांधावर आली. घोडीने शेपूट उचललं आणि पारडाच्या दिशेने निघाली. आठ पावलं, मोजून आठ. व्हिडिओ हळू करून बघितला: पुढचा डावा, मागचा उजवा, एकत्र. आणि मध्ये एक क्षण चारही पाय हवेत!

आप्पांना दाखवला. त्यांनी चष्मा पुसून तीनदा बघितला आणि म्हणाले, "हे तर तिला येतंच होतं."

तह असा ठरलाय: लग्नसराई संपेपर्यंत शनिवार-रविवार घोडी त्यांची, काटेरी लगाम मात्र खुंटीला. बाकीचे दिवस माझे. पाठ तपासली, दुखत नाही. वासे आले, पाईप परत ठिबकच्या ढिगात गेले. काल एका वाशावरून चालत, न अडखळता, चार वेळा गेली. पऱ्हाटीच्या मोळ्या बांधावर रचून ठेवल्यात, पुढे त्यांचीच क्रॉस-कंट्रीतली झुडपाची उडी करीन म्हणते, बैलगाडीवाल्याने चुलीला नेल्या नाहीत तर.

'ई'च्या गोणीचं मात्र अजून जमलेलं नाही. गोणी काढून दगडावर अक्षर रंगवलं, तर आता ती दगडाला बुजते. यावर कुणाकडे काही उपाय?