मुलीने अचानक ‘कॉम्प्युटरच’ असे ठरवले. ही निवड नक्की कोणाची म्हणायची?

उद्यमनगरवाला (प्रश्न)

नमस्कार. कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझे छोटे मशीन शॉप आहे. शिरोलीच्या फाउंड्र्यांमधून येणाऱ्या कास्टिंगचे (ओतीव भागांचे) मशिनिंग करून देणे हा आमचा मुख्य धंदा. थोरली मुलगी यंदा बारावी शास्त्र शाखेत असून तिने जीवशास्त्र सोडून इलेक्ट्रॉनिक्स हा बायफोकल, म्हणजे व्यवसायाभिमुख, विषय घेतला आहे. दिवाळीपर्यंत पुढे काय करायचे याबद्दल ती ठामपणे काहीच बोलत नव्हती. आता मात्र कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच करायचे आणि तेही पुण्यातच, असे तिने जाहीर केले आहे. कारण विचारले तर ‘सगळे तेच घेतात, पॅकेजही त्यालाच आहे’ एवढेच उत्तर मिळते.

मला कॉम्प्युटरचे वावडे नाही. परंतु हीच मुलगी आठवीच्या मे महिन्यात दुकानात येऊन मापाचे व्हर्नियर हातात घेऊन बसत असे, आणि एका पंपाच्या केसिंगचा बोअर, म्हणजे आतले छिद्र, पॉइंट दोनने मोठा गेल्याचे तिने आमच्या कामगाराच्या आधी पकडले होते. ती आवड कुठे गेली, की ती आवड नव्हतीच आणि मीच तसा अर्थ काढला, हे मला कळेनासे झाले आहे. दुकानाला वारस हवा म्हणून तर मी मेकॅनिकलचा धोशा लावत नाही ना, असाही प्रश्न मी स्वतःला विचारून पाहिला. त्याचे उत्तर पूर्णपणे ‘नाही’ असे देता येत नाही.

या वयातील मुलांचे मन कोणत्या गोष्टींनी वळते, आणि त्यात पालकाने कितपत हात घालावा, याविषयी जाणकारांनी व ज्यांची मुले यातून गेली आहेत त्यांनी लिहावे, ही विनंती.

फळा_खडू

मी एका कनिष्ठ महाविद्यालयात बावीस वर्षे भौतिकशास्त्र शिकवतो आहे. आपण विचारता ती निवड या दिवाळीत झालेली नाही. तिचा मोठा भाग दोन वर्षांपूर्वी अकरावीच्या प्रवेशाच्या वेळीच होऊन गेला आहे. दहावीला नव्वदच्या पुढे गुण पडले की शास्त्र शाखा घ्यायची असते, हे घरात कोणी ठरवत नाही, ते गृहीतच असते. त्यानंतर विषयांची निवड येते आणि खरे दरवाजे तिथे लागतात. बायफोकलसाठी जीवशास्त्र सोडले की वैद्यकीयचा रस्ता जवळजवळ मिटतो. वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेच्या तयारीसाठी गणित सोडून भूगोल घेतला, कारण त्यात गुण सहज मिळतात असे कोणीतरी सांगितले, की अभियांत्रिकी हातातून जाते. हे निर्णय पंधरा-सोळा वर्षांची मुले प्रवेशाच्या रांगेत उभे राहून पाच मिनिटांत घेतात, आणि पुष्कळदा पुढच्या मैत्रिणीने अर्जात काय लिहिले ते पाहून घेतात.

दरवर्षी जून-जुलैत मी अकरावीच्या वर्गात एक चिठ्ठी लिहून घेतो. पुढच्या बाजूस काय व्हायचे आहे ते लिहायचे आणि मागच्या बाजूस त्या अभ्यासक्रमाचे नाव प्रथम कोणाकडून ऐकले ते लिहायचे. पुढच्या बाजूस फारसे वैविध्य नसते. मागच्या बाजूस आतेभाऊ, मामेबहीण, गल्लीतला दादा, क्लासचे सर आणि अलीकडे मोबाइलवरचे व्हिडिओ असतात. ते काम प्रत्यक्ष करणाऱ्या माणसाचे नाव क्वचित आढळते. एका मुलाने पुढे ‘आर्किटेक्ट’ आणि मागे ‘आमच्या घराचा गवंडी’ असे लिहिले होते. त्या वर्षीची सर्वांत विचारपूर्वक लिहिलेली चिठ्ठी तीच होती, असे माझे मत आहे.

याखेरीज क्लासचा प्रभाव अतिशय मोठा आहे. निकालानंतर कोल्हापुरातल्या कोणत्याही चौकात उभे राहिले तरी गुणवंतांचे फोटो लावलेले फलक दिसतात. ज्यांचे फोटो नाहीत त्यांचे पुढे काय झाले हे कोणत्याही फलकावर नसते, आणि आपले मूल त्या दुसऱ्या गटातही असू शकते याचा विचार कोणी करत नाही. शासनाने २०१६ मध्ये दहावीच्या मुलांसाठी कल चाचणी सुरू केली तेव्हा मला बरीच आशा वाटली होती. प्रत्यक्षात अहवालाचा कागद हाती आल्यावर त्यावर बोलायला मुलाजवळ कोणी बसलेच नाही, निदान माझ्या पाहण्यात तरी, आणि तो कागद दाखल्यांच्या फाइलमध्ये गेला.

आपण पालक म्हणून हात घालावा की नाही, असे विचारले आहे. तो आधीच घातलेला असतो. घरात वीजबिल आले की काय बोलणे होते, धंदा मंदावला की बाप जेवताना काय म्हणतो, हे मूल वर्षानुवर्षे ऐकत असते. आपण दुकानाविषयी घरात काय बोलत आला आहात, ते एकदा आठवून पाहावे.

भुदरगडची_आई

सरांनी विषयांचे सांगितले. मी एसटीचे सांगते. शहरातल्या लोकांच्या ते सहसा लक्षात येत नाही. आमच्याकडच्या वाड्यावस्त्यांवरच्या मुली बारावीपर्यंत अहिल्याबाई होळकर योजनेच्या मोफत पासवर शाळा-कॉलेजला येतात. बारावी झाली की तो पास संपतो. तिकिटात सवलत मिळते, पण रोजचे पैसे सुरू होतात आणि संध्याकाळच्या शेवटच्या गाडीची चिंताही सुरू होते. त्यामुळे मुलगी कोणता अभ्यासक्रम घेणार, हे कित्येक घरांत ‘ती पाच वाजेपर्यंत परत येऊ शकेल का’ या एका प्रश्नावर ठरते, आणि मग त्यालाच तिची आवड असे नाव दिले जाते.

जवळ काय आहे याचाही परिणाम होतो. गारगोटीला शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईकांनी उभ्या केलेल्या मौनी विद्यापीठामुळे सिव्हिलचा डिप्लोमा आमच्या भागात इतका रुळला आहे, की आमच्या भावकीतच त्या शिक्षणावर सरकारी बांधकामाच्या कामांत लागलेले चारजण आहेत. ही मुले स्थापत्याच्या ओढीने जन्माला आली होती असे मला वाटत नाही. ते शिक्षण सायकलवरून जाण्याइतके जवळ होते आणि शिकलेला माणूस डोळ्यांसमोर नोकरीला लागलेला होता.

पैशांविषयी एक गोष्ट मुद्दाम लिहिते, कारण पुष्कळांना ती अर्धवट माहीत असते. २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांना शासनाच्या केंद्रीभूत प्रवेश फेरीतून प्रवेश घेणाऱ्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असल्यास, शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. खासगी व अभिमत विद्यापीठांना मात्र ही सवलत लागू नाही. ‘मुलाला इंजिनिअरिंग आणि मुलीला बी.एस्सी.’ अशी जी वाटणी आमच्याकडे चालत असे, ती यामुळे हलली आहे. माझ्या धाकट्या जावेच्या घरी तर उलट झाले आहे. परंतु वसतिगृह आणि मेसचा खर्च माफ नाही, आणि पुण्याचे म्हणाल तर फीपेक्षा राहण्या-जेवण्याचाच आकडा अंगावर येतो.

शाहू महाराजांनी १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढले आणि त्यानंतर एकेका समाजासाठी वसतिगृहे उभी केली, ती उगीच नाही. मूल कोठे राहील आणि काय खाईल हे सुटल्याशिवाय ते काय शिकेल याला अर्थ नसतो, हे त्यांनी ओळखले होते. दादा, पुण्याचा विचार करताना आधी हा हिशेब मुलीसमोर बसून मांडावा. अठरा वर्षांच्या मुलीला घरची आमदनी कळली तर काही बिघडत नाही.

तिसरे_वर्ष

काका, मी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि तीन वर्षांपूर्वी माझ्या बाबांना मी शब्दशः हेच उत्तर दिले होते, म्हणून लिहिण्याचे धाडस करते. ‘सगळे तेच घेतात’ हे कारण नसते. खरे कारण सांगितले तर मोठी माणसे दुखावतील किंवा हसतील असे वाटते, तेव्हा मुले हे वाक्य पुढे करतात.

माझ्या बाबतीत खरी कारणे दोन होती. घराबाहेर राहून पाहायचे होते, हे एक. दुसरे असे, की मला मेकॅनिकल आवडत होते, पण अकरावीत असताना एका कारखान्याच्या भेटीला गेलो तेव्हा संपूर्ण शॉप फ्लोअरवर एकही बाई दिसली नाही आणि मुलींसाठी स्वच्छतागृह कोठे आहे हे विचारल्यावर तेथील लोक एकमेकांकडे पाहू लागले. शेवटी आम्हाला कार्यालयाच्या इमारतीपर्यंत उन्हातून चालत नेण्यात आले. मी त्या दिवशी घरी येऊन काहीही बोलले नाही. फॉर्म भरताना मात्र मेकॅनिकल यादीतून गेले होते. आपली मुलगी आठवीत दुकानात येत होती आणि नंतर येईनाशी झाली, असे आपल्या लिहिण्यावरून वाटते. ती कोणत्या वयात थांबली, हे आपण पाहिले आहे का? आणि विचारण्याबद्दल राग मानू नये, पण आपल्या दुकानात स्वच्छतागृह आहे का?

आणखी एक चूक सांगून ठेवते. प्रवेश अर्जातील पर्यायांची यादी मी मागील वर्षीच्या कटऑफच्या क्रमाने भरली. ज्याचा पर्सेंटाइल सर्वांत वर, ते पहिले. महाग ते चांगले, अशा समजुतीने साडी निवडावी तसा हा प्रकार झाला. कटऑफवरून तेथे गेल्या वर्षी किती झुंबड होती एवढेच कळते. शिकवतात कसे, प्रयोगशाळेतली यंत्रे चालू आहेत की झाकून ठेवलेली, हे त्या आकड्यात नसते. तेथे शिकणाऱ्या एखाद्या ताईला दहा मिनिटे फोन केला असता तर मला हे कळले असते.

मोल्डिंग_सँड

सगळ्यांचे वाचले. मी तीस वर्षे फाउंड्रीत काढली आहेत, म्हणून थोडे विरुद्ध बाजूने लिहितो. ‘पॅकेज’ या शब्दाला आपण पालक उगीच नावे ठेवतो. ज्या पोरांनी २०२० च्या टाळेबंदीत बापाचे दुकान बंद पडलेले पाहिले आहे, त्यांनी पगाराचा विचार केला तर त्यात उथळपणा कसला? कोल्हापुरात मेकॅनिकलच्या नवख्या पदवीधराला सुरुवातीला काय मिळते हे आपल्यालाही ठाऊक आहे आणि मुलीलाही ठाऊक असणार. राहता राहिला आवडीचा प्रश्न. व्हर्नियरने माप घेणारी मुलगी प्रोग्रॅममधली चूकही पकडेल. नजर तीच लागते. आज आमच्याकडे सीएनसीवर (संगणकाने चालणाऱ्या यंत्रावर) जॉब लावण्यापूर्वी सगळे काम संगणकावरच होते. आपल्या मनात या दोन गोष्टी जितक्या लांब आहेत तितक्या त्या प्रत्यक्षात राहिलेल्या नाहीत.

उद्यमनगरवाला

सर्वांचे आभार. उत्तर द्यायला आठवडा लागला, कारण मध्ये घरी बोलणे व्हायचे होते.

फळा_खडू सरांनी सांगितल्याप्रमाणे आठवून पाहिले. गेल्या दोन-तीन वर्षांत मी दुकानाविषयी घरात जे बोललो आहे ते बहुतेक थकलेल्या बिलांविषयी आणि मिळत नसलेल्या कामगारांविषयीच आहे. हे ऐकून कोणी या धंद्याच्या वाटेला का जावे, असे मलाही वाटले.

तिसरे_वर्ष या मुलीचा प्रश्न मी तिच्याच शब्दांत आमच्या मुलीला विचारला. ती प्रथम काहीच बोलली नाही. नंतर म्हणाली, की नववीत असताना एकदा दुपारी दुकानातून घरी जायचे म्हणून ती पोट दुखत असल्याचे सांगून निघाली होती, आणि पुन्हा आली नाही. ते मला आठवतही नाही. आमच्या दुकानात स्वच्छतागृह नाही. आम्ही सर्वजण मागच्या बोळातले सार्वजनिक वापरतो आणि तेथे मुलीला पाठवण्यासारखी स्थिती नाही, हे मला अठरा वर्षांत कधी सुचले नाही. मागच्या कोपऱ्यात भंगार पडले होते ती जागा मोकळी केली आहे आणि सोमवारी प्लंबर येणार आहे. याचा तिच्या निवडीशी आता संबंध नाही, हे मी तिला स्पष्ट सांगितले आहे.

भुदरगडच्या ताईंनी सांगितलेला खर्चाचा हिशेबही मांडला. पुण्याचा आकडा पाहून ती स्वतःच म्हणाली, की कोल्हापुरातली व सांगलीची महाविद्यालयेही यादीत घालू. शाखेबाबत कॉम्प्युटर पहिले हे तिचे कायम आहे, मात्र त्याखाली मेकॅनिकल ठेवायला ती तयार झाली आहे. एक शंका उरते, ती सरांना विचारतो. एकाच अर्जात दोन शाखा आणि निरनिराळी गावे अशी सरमिसळ करता येते का?

फळा_खडू

येते. प्रत्येक महाविद्यालयातील प्रत्येक शाखा हा स्वतंत्र पर्याय धरला जातो, त्यामुळे कोणत्याही क्रमाने मांडणी करता येईल. मात्र पहिल्या क्रमांकावर लिहिलेला पर्याय पहिल्याच फेरीत मिळाला तर तो स्वीकारावा लागतो आणि पुढील फेऱ्यांत सुधारणेची संधी राहत नाही, म्हणून जेथे तिला खरोखर जायचे आहे तेच वर असू द्यावे. अर्ज निश्चित करण्यापूर्वी यादी कागदावर लिहून काढा, दोन दिवस घरात कोठेतरी लावून ठेवा आणि त्यात काही बदल करायचा झाल्यास तो तिच्या हाताने होऊ द्या. पासवर्डही तिच्याकडेच असावा.